टेंडर ऑनलाइन आहे, पण ज्याला हवंय त्याला ते सापडतंय का?

सरकारी निविदा ऑनलाइन कशा जाहीर होतात आणि कशा व्हायला हव्यात, यावर बरेच प्रश्न आलेत. त्यातले पाच आज घेतोय. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनबद्दलचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातला छोटा रजिस्टर्ड कंत्राटदार. महाटेंडर्सवर (राज्य सरकारचं निविदांचं पोर्टल) 'रोड' टाकून शोधलं तर आमच्याकडची निम्मी कामं दिसतच नाहीत. शेवटी एका खाजगी अलर्टवाल्याला वर्षाचे पैसे भरले. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये. पोर्टल फक्त अक्षरं जुळवतं, आणि कामाचं नाव ज्या ऑफिसात जसं टाइप झालं तसंच वर चढतं. एकाच प्रकारचं काम कुणी 'इम्प्रूव्हमेंट टू रोड' लिहितं, कुणी 'इम्प. टू आरडी.', कुणी 'सीसी पेव्हमेंट', कुणी 'मौजे अमुक येथे सिमेंट काँक्रीटीकरण', मग 'रोड' टाकल्यावर ज्यांनी 'आरडी' लिहिलंय ती कामं येणार कुठून? म्हणून शब्दाने शोधूच नका. 'टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन' उघडा, आपला विभाग निवडा आणि यादी रोज सकाळी वरून खाली वाचून काढा, दहा मिनिटं लागतात. दुसरं म्हणजे सगळं एका जागी नाहीये. रेल्वेचं आयआरईपीएसवर, केंद्राच्या खात्यांचं सीपीपी पोर्टलवर, नेहमीच्या वस्तू आणि सेवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर. सीपीपीवर राज्यांच्या निविदांचीही यादी येते, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं.

अलर्टवाल्यांवर माझा राग नाही. पण ते विकतात काय, तर सरकारनेच फुकट जाहीर केलेली माहिती नीट लावून. म्हणजे हे होण्यासारखं काम आहे आणि ते पोर्टलनेच करायला पाहिजे, माझा तालुका, माझा कंत्राटदार म्हणून नोंदणीचा वर्ग, एवढ्या रकमेपर्यंतची कामं असं टिक केलं की मोबाइलवर मेसेज यावा, त्यासाठी छोट्या माणसाला खिशात हात घालायला लागू नये.

प्रश्न: शुद्धिपत्र (टेंडरमधल्या बदलाची सूचना) निघालेलं मला कळलंच नाही, जुन्याच बीओक्यूमध्ये, म्हणजे दरांच्या एक्सेल फाइलमध्ये, दर भरले आणि निविदा हातची गेली. कुणाकडे दाद मागू? (सुशिक्षित बेरोजगार अभियंता, यवतमाळ)

उत्तर: हा प्रश्न वाचून पोटात गोळा आला, कारण हे मी समोर बसून बघितलंय. दोनेक वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच एक तरुण इंजिनीअर, तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान, मुदत संध्याकाळी ५ पर्यंत. साडेचारला त्याने दरांची एक्सेल फाइल चढवली आणि पोर्टल ती घेईना. आधी वाटलं नेट गेलं. मग मी म्हटलं शुद्धिपत्रं उघडून बघ, तर दोन दिवसांपूर्वीचं 'कॉरिजेंडम २', आत एक तिरकं स्कॅन केलेलं पान, त्यात एका आयटमचं परिमाण बदललेलं आणि त्यासोबत नवीन बीओक्यू. चाळीसेक दर पुन्हा टाइप करायचे होते, माझा मुलगा असल्यासारखा मी त्याला एकेक आकडा वाचून दाखवत होतो. पस्तिसाव्या दरावर असताना स्क्रीनवरच्या सर्व्हरच्या घड्याळात ५ वाजले. पोर्टल तेच घड्याळ मानतं, आपलं मनगटावरचं नाही.

दाद मागायची असेल तर शुद्धिपत्र कधी चढवलं याची तारीख-वेळ पोर्टलवर असते, तिचा स्क्रीनशॉट जोडून आधी कार्यकारी अभियंत्यांना लेखी द्या. मुदत संपायच्या तोंडावर परिमाण बदललं आणि मुदत वाढवली नाही, हा मुद्दा त्यात स्पष्ट मांडा. आणि पुढच्या वेळेसाठी, टेंडर उघडल्या उघडल्या लॉगिन करून ते 'माय टेंडर्स'मध्ये टाका, शुद्धिपत्र निघालं की एसएमएस नाहीतर ईमेल यायची सोय त्यावरच चालते, नुसती पीडीएफ उतरवून घेतली तर पोर्टलला तुम्ही कोण हेच माहीत नसतं. बीओक्यूच्या फाइलचं नाव कधीही बदलू नका. कागद १०० डीपीआयवर, ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करा म्हणजे अपलोड अडकत नाही.

पण खरा बदल टेंडर काढणाऱ्या ऑफिसकडून व्हायला हवा. शुद्धिपत्राच्या मथळ्यातच 'आयटम १४, आधी इतकं, आता इतकं' असं टाइप केलेलं दिसलं पाहिजे. 'कॉरिजेंडम २' यावरून कुणाला काय कळणार हो?

प्रश्न: मी नगरपंचायतीत लिपिक आहे. पेपरात देतो, बोर्डावर लावतो, पोर्टलवर चढवतो, तरी दोनच निविदा येतात. आणखी काय करायचं?

उत्तर: तुम्ही हे विचारलंत याचंच मला बरं वाटलं. तीन गोष्टी करून बघा. सूचना युनिकोड मराठीत टाइप करा आणि तीच फाइल चढवा. जुन्या फॉन्टमधली किंवा प्रिंट काढून, सही-शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ सर्चला दिसत नाही आणि मोबाइलवर वाचायलाही त्रास होतो. सही हवीच असेल तर डिजिटल सिग्नेचर आहे ना आपल्याकडे. मग नाव. 'प्रभाग क्र. ४ मधील विविध विकास कामे करणे' यातून गटार आहे की पथदिवे, काही कळत नाही. त्याऐवजी 'प्रभाग ४, शाळा ते बाजार, बंदिस्त गटार, २१० मीटर' असं लिहिलं तर गटाराचं काम करणारा थांबून बघेल.

तिसरी म्हणजे दिवस. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये जाहीर निविदेला साधारणपणे किमान ३ आठवडे सांगितलेत, परदेशातूनही निविदा हव्या असतील तर ४. राज्यात मुदती वेगळ्या आहेत, पण अल्पमुदतीची सूचना ही अपवादासाठी असते. आपल्याकडे मार्च जवळ आला की तीच नेहमीची होते. सात दिवसांत बाहेरगावचा माणूस साइट बघून, दर काढून, अनामतीची सोय करून येऊच शकत नाही, मग येतात ते ज्यांना आधीच माहीत होतं तेच.

प्रश्न: आमचा बचत गट गणवेश शिवतो. आम्हाला सरकारी ऑर्डर मिळेल का? (सांगली)

उत्तर: का नाही ताई. आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट असते. मग जेमवर विक्रेता म्हणून नाव नोंदवा, तिथे महिला आणि बचत गटांसाठी 'वुमनिया' हा वेगळा उपक्रम आहे. केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायची असते, त्या २५ पैकी ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. पहिली ऑर्डर लहान घ्या आणि कापडाचा जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) स्पेसिफिकेशनमध्ये नीट वाचून घ्या, माल नापास होऊन परत येतो तो तिथेच.

प्रश्न: मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. युक्रेनच्या प्रोझोरो या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल वाचलं. आपल्याकडे तसं का नाही?

उत्तर: प्रोझोरो २०१६ मध्ये तिथे सगळ्या सरकारी खरेदीला लागू झालं. त्याची मांडणी बघ. सरकारने मधला डेटाबेस एकच ठेवला आणि त्याला जोडलेले पोर्टल खाजगी कंपन्यांना चालवू दिले, त्यामुळे सूचना कुठूनही टाकली तरी सगळीकडे दिसते. माहिती ओपन काँट्रॅक्टिंगच्या स्टँडर्डमध्ये असते, म्हणजे एका कामाला एकच नंबर, आणि नियोजन, निविदा, निवड, करार, प्रत्यक्ष काम हे पाचही टप्पे त्याच नंबरला बांधलेले. आपल्याकडे टेंडर आयडी आहे, पण कार्यारंभ आदेश निघाला की धागा तुटतो, पुढची मुदतवाढ, वाढीव काम, अंतिम बिल हे सगळं ऑफिसच्या फायलीत जातं आणि मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकत बसायचं. शिवाय जुने निकाल शोधायचे तर कॅप्चा, आणि सगळी यादी एकगठ्ठा उतरवायला बटण नाही.

तू एक कर. तुझ्या तालुक्यातल्या एका विभागाची सहा महिन्यांपूर्वी बंद झालेली टेंडरं घे, प्रत्येकाचं स्टेटस उघड, काम कुणाला किती रकमेला गेलं हे दिसतंय का ते एका शीटमध्ये भर. किती रांगा रिकाम्या राहतात ते मला कळव, मग त्या यादीसह आपण जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू.