सावली, बोंडू आणि एकोणतीस

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे शाळेविषयी आहेत, आणि त्यात नवल नाही. कर्नाटकातील प्राथमिक शाळांचे वर्ष एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास संपते, त्यामुळे माघ-फाल्गुनात पालक मुलांच्या वह्या उघडून पाहू लागतात आणि त्यांत जे दिसते त्याने कधी कधी बुचकळ्यात पडतात. खानापूर, निपाणी आणि बेळगाव भागांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. लेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा गुरुजी वर्गाला पटांगणात नेतात, जमिनीत रोवलेल्या काठीची सावली मोजायला लावतात आणि आकडे वहीत उतरवून घेतात. वार्षिक परीक्षा तोंडावर आली असताना मुलांना पाऊण तास उन्हात उभे करून नेमके काय शिकवले जाते? मुलगी तर सांगते की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतच नाही. शाळेत जाऊन विचारावे काय?

उत्तर : ताई, शाळेत अवश्य जा, पण त्याआधी ती वही एकदा शांतपणे पाहा. काठी जमिनीवर बरोबर 100 सेंटीमीटर उंच असेल आणि मुलांनी नीट मोजले असेल, तर फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आसपास दुपारची सर्वांत आखूड सावली 58 सेंटीमीटरच्या जवळपास, मार्चच्या दहा तारखेला 36, आणि दिवस व रात्र जवळजवळ सारखे होतात त्या 21 मार्चला 28 सेंटीमीटर अशी नोंद आपल्याला दिसेल. एप्रिलमध्ये शाळा सुटता सुटता ती 14 वर येईल. सूर्य उत्तरेकडे सरकतो हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपते. आपल्या मुलीने ते दोन महिने पट्टीने मोजले आहे.

बारा वाजण्याविषयी ती जे सांगते ते खरे आहे, आणि ते आपल्याशी वाद घालण्याइतक्या खात्रीने सांगते याचा मला आनंद वाटला. आपली घड्याळे ज्या भारतीय प्रमाणवेळेवर चालतात, ती 82.5 अंश पूर्व रेखांशावरील वेळ आहे आणि ही रेषा उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. खानापूर त्या रेषेच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे आपल्याकडचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बाराच्या सुमारे 32 मिनिटे नंतर होतो. याशिवाय सूर्याची चाल वर्षभर घड्याळासारखी एकसारखी नसते, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यास आणखी चौदा मिनिटांची, तर 21 मार्चला सुमारे सात मिनिटांची भर पडते. सर्वांत आखूड सावली फेब्रुवारीत पाऊण वाजता आणि मार्चच्या उत्तरार्धात 12 वाजून 39 मिनिटांच्या सुमारास पडते, असे मुलांना आढळले असणार. पाऊण तास उभे करण्याचे कारणही हेच आहे, कारण आखूड होत जाणारी सावली पुन्हा लांबू लागल्याशिवाय सर्वांत आखूड कोणती होती ते कळत नाही. मुले टोपी घालून किंवा आळीपाळीने जातात ना, आणि अक्षर दासोहाचे, म्हणजे शाळेत मिळणारे दुपारचे, जेवण त्यामुळे निवत नाही ना, एवढे मात्र गुरुजींना जरूर विचारा. ती विचारपूस रास्त आहे.

परीक्षेचे म्हणाल, तर लांबी मोजणे, घड्याळ वाचणे, वजाबाकी, तक्ता भरणे, स्तंभालेख काढणे आणि दिशा ओळखणे हे सारे चौथीच्या गणिताच्या आणि परिसर अध्ययनाच्या पुस्तकांत आहेच. सर्वांत आखूड सावली नेमकी उत्तरेकडे पडते, हे तिने एकदा खडूने रेघ ओढून पाहिले असेल, तर शाळेचा नकाशा काढताना उत्तर दिशा पाठ करून ठेवावी लागणार नाही.

हा प्रयोग फसतोही, आणि माझाच फसलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तो एका उताराच्या पटांगणात केला. काठी डोळ्यांना सरळ दिसत होती म्हणून तशीच रोवली, आणि तीन आठवडे आकडे असे आले की सूर्य पुढे-मागे झुलत असावा असे वाटावे. मी मुलांच्याच मोजण्यावर रागावले. चौथ्या आठवड्यात एका मुलाने, ज्याचे वडील गवंडीकाम करीत, घरून ओळंबा आणला आणि काही न बोलता काठीशेजारी धरला. काठी दोन बोटे कलली होती. आपल्या मुलीच्या गुरुजींनी काठी ओळंब्यात रोवली आहे का, हे पाहायला सांगण्याचा मोह मला म्हणूनच आवरत नाही.

प्रश्न : आमची जांबोटीच्या बाजूला थोडी काजूची बाग आहे. तिसरीतल्या मुलाच्या वहीत बाईंनी ‘बोंडू हे काजूचे खरे फळ नव्हे’ असे लिहून दिले आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बोंडू फळ म्हणूनच खातो. हे बरोबर आहे का?

उत्तर : बाईंनी लिहिले आहे ते बरोबर आहे. फुलातल्या बीजकोशापासून जे तयार होते ते वनस्पतिशास्त्रात खरे फळ, आणि काजूच्या बाबतीत ते म्हणजे खाली लोंबणारी करडी, वाटाण्याहून मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी, तिच्या कवचासह. बोंडू हा फुलाचा फुगलेला देठ आहे. यासाठी पुस्तकाची साक्ष काढण्याची गरज नाही, बागेतच पाहता येते. फेब्रुवारीत झाडाजवळ गेलात तर हिरवी बी चांगली मोठी झालेली आणि वरचा देठ अजून काडीसारखा बारीक, असे घोस दिसतात. बी पूर्ण वाढली की मग तो देठ फुगू लागतो आणि पिवळा किंवा लाल होतो. मुलाला एकाच घोसाला दोरा बांधून दर चार दिवसांनी त्याचे चित्र काढायला सांगा. खाण्याच्या दृष्टीने बोंडू फळच आहे आणि आपल्या घरात तो शब्द बदलण्याचे कारण नाही.

एक सावधगिरी मात्र वर्गात आणि घरीही हवी. ओल्या कवचातले तेल कातडीला लागले तर बिब्ब्यासारखे फोड येतात. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले, म्हणून आंब्याचा चीकही काहींच्या ओठांवर उततो. मुलांनी कच्ची बी दातांनी किंवा दगडाने फोडू नये. जाता जाता, हे झाड आपल्याकडचे वाटत असले तरी मूळ ब्राझीलचे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते गोव्याच्या किनाऱ्यावर आणले आणि तेथून ते घाटावर आले. ‘काजू’ हा शब्दही त्यांच्याच बोलीतून आपल्याकडे आला.

प्रश्न : निपाणीजवळच्या गावात राहतो. नातू मराठी शाळेत तिसरीत आहे. यंदा बाईंनी मुलांकडून झाडांची आणि आकड्यांची नावे मराठी व कन्नड अशी दोन रकान्यांत लिहून घेतली. आता तो एकवीस सांगितले तर 12 लिहितो, एकोणतीस सांगितले तर 39 लिहितो. आमची हयात मराठी टिकवण्यात गेली. दोन भाषांच्या ओढाताणीत नातवाचे मराठीच बिघडत नाही ना?

उत्तर : आजोबा, आपल्या काळजीमागे या सीमाभागातला मोठा इतिहास आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. मात्र येथे नातवाची चूक कन्नडमुळे झालेली नाही. ती मराठी अंकवाचनाच्या घडणीतून येते, आणि ज्या घरात कन्नडचा एक शब्दही कानावर पडत नाही तेथील मुलेही ती करतात.

एकवीस म्हणताना आपण एक आधी उच्चारतो आणि वीस नंतर, पण लिहिताना 2 आधी येतो. मूल जसे ऐकते तसे लिहिते, म्हणून 12. त्रेसष्ट आणि छत्तीस यांतही तेच. एकोणतीस तर अधिकच अवघड, कारण त्या शब्दात तीसचा उच्चार आहे आणि अंकात 3 कोठेच नाही. ‘एकाने उणे तीस’ हे मनातल्या मनात उलगडल्याशिवाय 29 लिहिता येत नाही. नातवाने तीस ऐकून 3 लिहिला आणि एकोण म्हटल्यावर शेवटी 9 असतो हेही त्याच्या लक्षात राहिले, म्हणून 39. त्याची चूक विचार करून केलेली आहे. भरीला 89 ला एकोणनव्वद म्हणायचे आणि 99 ला एकोणशंभर न म्हणता नव्व्याण्णव म्हणायचे, ही आपलीच गंमत. महाराष्ट्रात 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा जो गदारोळ उठला, तो याच अडचणीवरून होता. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ गमवायचा नाही, पण ती रीत सुचवणाऱ्यांना मुलांची अडचण दिसली होती हे मान्य केले पाहिजे.

आता बाईंच्या दोन रकान्यांकडे पाहा. कन्नडमध्ये 21 म्हणजे इप्पत्तोंदु : इप्पत्तु वीस, ओंदु एक. 29 म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. 63 म्हणजे अरवत्तमूरु, साठ आणि तीन. जो क्रम बोलण्यात तोच लिहिण्यात. शेजारी शेजारी दोन्ही नावे लिहिली की मुलाला दशक आणि एकक वेगळे दिसतात, आणि मग मराठी नावात ते उलटे का आहेत असा प्रश्न तो स्वतः विचारतो. ज्या शिक्षिकेने हे योजले तिला वर्गातली नेमकी अडचण कळली आहे, असे मी म्हणेन.

कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे 2015 च्या कायद्याने राज्यातील शाळांना बंधनकारक झाले आहे, त्यामुळे तो विषय नातवाला शिकावा लागणारच. दोन्ही लिप्या ब्राह्मीपासून निघालेल्या असल्याने अ-आ-इ-ई आणि क-ख-ग-घ हा क्रम त्याला नव्याने शिकावा लागत नाही. अडखळतो तो भलत्याच ठिकाणी. मराठीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद नाहीत, कन्नडमध्ये आहेत. ऱ्हस्व ओकाराने ‘कोडु’ म्हटले तर ‘दे’ आणि दीर्घ ओकाराने म्हटले तर ‘शिंग’. आपल्या कानाला दोन्ही सारखीच वाटतात, त्याला मात्र या वयात वेगळी ऐकू येतील.

झाडांच्या यादीत पळस-मुत्तुग, सावर-बूरुग, चिंच-हुणसे, फणस-हलसु, कडुनिंब-बेवु अशा जोड्या असतील. ज्या दिवशी आपण गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधतो, त्याच दिवशी शेजारच्या कन्नड घरात बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, वाटतात. ही जोडी तर नातवाने खाऊनच शिकली असेल. आपल्या मराठीतले अण्णा, अक्का, तूप आणि अडकित्ता हे शब्दही कन्नडच्या शेजाराने आलेले मानले जातात, आणि त्यांनी आपले मराठी बिघडवले असे आपणही म्हणणार नाही.

घरी करण्यासारखे एकच सांगते. संध्याकाळी दहा-दहा रुपयांच्या नोटा आणि एक-एक रुपयाची नाणी घेऊन बसा. ‘एकोणतीस दे’ म्हणा आणि त्याला हातात मोजून द्यायला लावा : आधी तीन नोटा ठेवील, मग एक रुपया कसा काढून घ्यायचा यावर अडेल, मग एक नोट मोडून नऊ नाणी ठेवील. तो मोडण्याचा क्षण दहा-बारा वेळा आला की 39 लिहिणे थांबते. बाराखडीसारखे एक ते शंभर घोकून घेऊ नका. ते त्याला येतच असेल आणि चूक तशीच राहिली असेल.

प्रश्न : आमच्या वर्गातील मुलांची सावलीची नोंदवही शाळा सुटल्यामुळे एप्रिलमध्ये अर्धवट राहणार आहे. सावली पूर्ण नाहीशी होईपर्यंत नोंद घ्यावी अशी मुलांची इच्छा आहे. काय करता येईल? (एक शिक्षिका, बेळगाव तालुका)

उत्तर : काठी आता शाळेच्या पटांगणातून मुलांच्या अंगणात न्यावी लागेल. आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो : खानापूरकडे 3 तारखेच्या सुमारास, बेळगावात 3 किंवा 4 ला, निपाणीकडे 5 किंवा 6 ला, कारण जितके उत्तरेला जावे तितका सूर्य माथ्यावर यायला उशीर लागतो. वेळ साडेबाराच्या आसपासची. काठीऐवजी सरळ उभा राहणारा पाण्याच्या पाइपचा तुकडा घ्यायला सांगा. सपाट फरशीवर तो उभा केला की त्या क्षणी बाहेर सावली दिसत नाही आणि आत डोकावले तर तळापर्यंत ऊन पोहोचलेले दिसते. सूर्याकडे थेट पाहू नये, हे त्यांना दोनदा सांगा.

वेगवेगळ्या गावांना सुटीसाठी गेलेल्या मुलांनी आपापल्या गावाचे नाव आणि तारीख लिहून आणली, तर जूनमध्ये तो तक्ता तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लागू शकेल. त्या दिवसानंतर ऑगस्टच्या नऊ-दहा तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, पण पावसाळ्यात ती पाहायला मिळणे कठीण, म्हणून मेचा उरलेला महिना वाया घालवू नये. वळिवाचे ढग बहुधा तिसऱ्या प्रहरी जमतात. साडेबाराला आभाळ मोकळे मिळण्याची आशा ठेवायला हरकत नाही, आणि तरीही ढग आलेच तर आदल्या व दुसऱ्या दिवशीची नोंदही चालेल, सावली जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची असेल.