‘शरीर म्हणजे यंत्र’ ही कल्पना देकार्तची का? आपल्याकडे ती होती का?

सतराव्या शतकातल्या या फ्रेंच तत्त्वज्ञाची एकट्याची नाही, पण मोठा वाटा त्याचाच. माणसावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली छापला गेला. त्यात मज्जातंतू म्हणजे राजाच्या बागेतल्या कारंज्यांच्या नळ्या आहेत. त्याआधी १६२८ ला हार्वी या इंग्रज डॉक्टरने दर ठोक्यामागे किती रक्त बाहेर पडतं याचा हिशेब मांडून रक्त फिरतं हे दाखवलं होतं. १७४७ मध्ये ला मेत्री या फ्रेंच डॉक्टरने या यंत्रातून आत्माही वगळला. आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘यन्त्रारूढानि’ (यंत्रावर बसवलेले जीव) आहे, पण तिथे भर फिरवणाऱ्या ईश्वरावर आहे. भोज राजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात लाकडी माणसं आहेत. लाकडाचा माणूस घडवणारा, माणूस तसाच घडलाय असं म्हणत नसतो.

आता मला जे सांगायचंय ते. मी कृत्रिम पाय बसवण्याच्या कामात आहे आणि माझं जुनं भांडण या क्षेत्रातल्या त्या लोकांशी आहे, जे म्हणतात माप एकदा नीट घ्या, नंतरच्या तक्रारी म्हणजे पेशंटच्या सवयी.

रबाळे एमआयडीसीतला एक टर्नर (लेथवर काम करणारा), पाय गुडघ्याखाली कापलेला. तो बारीक माप घ्यायचा स्वतःचा व्हर्निअर घेऊन आला. त्याच्या लेखी स्टंप (पायाचा उरलेला भाग) म्हणजे शाफ्ट, म्हणजे दांडा, आणि सॉकेट (स्टंप ज्यात बसतो ते कवच) म्हणजे बुश, दांडा बसतो ती नळी. क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, ठरवा आणि बसवा. पीओपीचा साचा घेतला, त्यातून ओतलेल्या स्टंपच्या प्लास्टर प्रतिकृतीवर (पॉझिटिव्ह मोल्ड) गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधापाशी प्लास्टर घासून कमी केलं, कारण वजन तिथे पेलायचं. फिब्युलाचं (नडगीशेजारच्या बारीक हाडाचं) डोकं, नडगीची धार आणि हाडाचं टोक इथे ३ ते ६ मिमी भर दिली, कारण तिथे दाब नको. त्यावर तापवलेली पॉलिप्रॉपिलिनची शीट ओढली. सकाळी पाय चपखल बसला.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने उभ्याने जाऊन शिफ्ट केली की दुपारी तोच पाय ढिला. “मग तुमचा मोल्ड चुकला,” तो म्हणाला. मोल्ड बरोबर होता. दिवसभराच्या दाबाने स्टंपमधला द्रव वर सरकतो, घेर कमी होतो, स्टंप सॉकेटमध्ये खाली उतरतो. मग स्नायुबंधाची पट्टी जागा सोडते आणि हाडाचं टोक तळाला टेकतं. खात्री करायला सॉकेटच्या तळाशी मातीची छोटी गोळी ठेवून चार पावलं चालवायचं. गोळी पार चपटली तर टोक टेकतंय. उपाय स्टंपवर एक प्लाय (जाडीचं माप) मोजा वाढवणं. पहिल्या वर्षात स्नायू आटतात, तेव्हा मोजे वाढत जातात. १० ते १५ प्लाय लागायला लागले की नवं सॉकेट, तिथे काटकसर नाही. टर्नरने टेपने सकाळ-संध्याकाळ घेर मोजून वहीत उतरवले, आणि मग स्वतःच म्हणाला की ह्या शाफ्टला टॉलरन्स नाही, म्हणजे माप ठरलेल्या मर्यादेत राहत नाही.

त्याची दुसरी तक्रार सेफ्टी शूजची होती. टाच उंच झाली की सॉकेट पुढे कलतं, गुडघा दुमडू पाहतो. अलाइनमेंट (पायाच्या भागांची जुळणी) बुटासाठी केली तर घरी अनवाणी असताना गुडघा मागे ढकलला जातो. म्हणून कुठल्या टाचेवर जास्त वेळ जाणार, हे आधी विचारायचं.

तिसरी तक्रार नसलेल्या अंगठ्यात कळ येण्याची. इथे देकार्तचं यंत्र अर्धं बरोबर ठरतं. १६४४ च्या ग्रंथात त्याने हात कापलेल्या मुलीचं उदाहरण दिलंय: तिला बोटं दुखायची. त्याचं म्हणणं, दोरी मधेच ओढली तरी मेंदूला टोकच ओढल्यासारखं वाटतं. स्टंपवर टिचकी मारल्यावर झटका बोटांत गेला तर कापलेल्या नसेच्या गाठीची शंका घ्यायची, आणि हे त्याच्या दोरीशी जुळतं. पण गाठ नसतानाही वेदना राहते. १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी आरशात धडधाकट हात दाखवून काहींची ती वेदना कमी केली. निव्वळ दोरीच्या हिशेबात आरसा बसत नाही.

यंत्राचा भाग वापराने फक्त झिजतो. त्वचा हळूहळू दाब वाढवला तर घट्ट होते, एकदम टाकला तर फाटते. म्हणून नवा पाय पहिल्या दिवशी अर्धा ते एक तास, मग त्वचा पाहूनच वाढवायचा. पैसे मोजकेच असतील तर कृत्रिम पायाच्या महागड्या पंजाऐवजी सॉकेट आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्त्यांसाठी ठेवा.

हे सगळं गुडघ्याखालच्या पायाचं. गुडघ्यावरचा पाय वेगळं प्रकरण आहे. स्कॅनरनेही साचा चांगला मिळतो, माझा आक्षेप फक्त ‘एकदाच’ला आहे. मधुमेह असेल तर दुखण्याची वाट पाहू नका, रोज आरसा धरून स्टंप तपासा. सॉकेट काढल्यावर दहा मिनिटांत लाली गेली नाही, तर पाय परत घालू नका आणि त्याच दिवशी बनवणाऱ्याला दाखवा.