सर्व्हिसिंगला दिलेलं घड्याळ ‘नवं’ होऊन आलं

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वडील मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी १९६७ साली सिंगापूरला ओमेगा स्पीडमास्टर घेतलं, १०५.०१२ मॉडेल, आत ३२१ मशीन. तिथूनच यांना जुन्या क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांचा नाद लागला. ते घड्याळ मुंबईच्या एका कारागिराकडे सर्व्हिसिंगला दिलं, १८ हजार ठरले. दोन महिन्यांनी दुकानात बघतात तर डायल रंगवलेला, जुने काटे काढून नवे रेडियमवाले लावलेले, केसला बफ मारून चकाचक केलेलं, आणि बिल ४६ हजार. पूर्ण पैसे दिल्याशिवाय घड्याळ मिळणार नाही म्हणतो.

दादा, वाचून मलाच कसंतरी झालं. असो, कामाचं बोलू.

अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे, पण ४६ हजारांसाठी नाही. करार कायदा १८७२, कलम १७०. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामाच्या मजुरीपुरती ती ठेवून घेता येते. कायद्यात उदाहरणच दिलंय, हिरा पैलू पाडायला दिला तर पैलूंचे पैसे मिळेपर्यंत सराफ तो ठेवू शकतो. पण तुम्ही डायल रंगवायला सांगितलाच नव्हता, पावतीवर नुसतं ‘सर्व्हिस’ लिहिलंय, मग रंगाचे आणि बफचे पैसे कसले? १८ हजार यूपीआयने द्या, सोबत मेसेज टाका की ठरलेली मजुरी देतोय, बाकी बिल मान्य नाही आणि नुकसानीचा हक्क राखून ठेवतोय. त्यानंतरही दिलं नाही तर त्याचं ते अडवणं बेकायदेशीर.

आणि त्याच मेसेजमध्ये काढलेले जुने काटे मागा. हे विसरू नका, लोक घड्याळाच्या भांडणात जुने पार्ट विसरतात आणि खरा पैसा तिथेच असतो. पार्ट तुमचेच आहेत. ‘फेकून दिले’ म्हणाला तर ते लेखी येऊ द्या, आणि विकल्याचं कळलं तर मात्र बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३१६, विश्वासघाताची तक्रार करता येईल. आत्ताच पोलीस स्टेशनला गेलात तर ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणून परत पाठवतील, उगाच चप्पल झिजवू नका.

आता अवघड भाग. नुकसान झालं हे पटवायचं कसं? माझी आईच म्हणेल, अगं छान उजळलंय की! ग्राहक आयोगातले सदस्यही तेच म्हणतील, म्हणून तज्ज्ञाचा लेखी रिपोर्ट लागतो. त्यात नुसता भाव नको, मूळ डायल गेला की किंमत का पडते त्याचं कारण हवं. रोलेक्स डेटोनाचं उदाहरण घ्या, ज्याला हॉलिवूड नटाच्या नावावरून पॉल न्यूमन डायल म्हणतात तो असलेलं घड्याळ साध्या डायलवाल्यापेक्षा कितीतरी पट महाग जातं, मशीन तेच, केस तीच, फरक डायलचा. तुमच्याकडे अजून एक पुरावा आहे, दुकानात हाताची ओंजळ करून बघितलं तर काटे हिरवे चमकत होते असं तुम्ही लिहिलंय. त्या काळातल्या डायल-काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असायचा, तो साधारण सव्वाबारा वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे १९६७ च्या मालात आता शंभरातले जेमतेम चार भाग उरले असतील, ते चमकणारच नाही. घड्याळ हातात आलं की अंधारात व्हिडिओ काढा. देण्याआधीचे फोटो आहेत म्हणता, ते मूळ फोनमध्येच ठेवा, कोर्टात चॅट आणि फोटोसोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल, तुम्ही राहता तिथे, मुंबईला खेटे नकोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कुठल्या आयोगात जायचं ते दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, म्हणून भरपाई लाखांत मागितली तरी जिल्हा आयोगच, आणि मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत २ वर्षं. त्याआधी १५ दिवसांची नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने.

एक मात्र खरं सांगा, तुम्ही अधूनमधून घड्याळं विकता का? एखाददुसरं विकलं तर ठीक, पण दर महिन्याला विकत असाल तर समोरचा वकील ‘हा तर धंदा’ म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असं मांडेल, मग दिवाणी कोर्ट.

घड्याळ घ्यायला एकटे जाऊ नका, मागचं झाकण त्याच्यासमोर उघडायला लावा आणि मशीनवरचा नंबर जुन्या फोटोशी ताडून बघा, न विचारता डायल रंगवणारा माणूस मशीनलाही हात लावू शकतो. आणि रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या कुणाकडे ते ‘पूर्ववत’ करायला अजिबात देऊ नका.