कमी बोलणाऱ्या, म्हणजे जवळपास शब्दांविना गोष्ट सांगणाऱ्या, व्हिडिओ गेमची सुरुवात कुठून करावी?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला क्लास आटोपून दमून घरी आल्यावर तासभर खेळायचे असेल, तर 2021 साली आलेल्या ‘अनपॅकिंग’ या ऑस्ट्रेलियन गेमपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. यात खोकी उघडून सामान लावायचे, एवढेच काम असते; तरीही प्रियकराच्या घरात नायिकेचे पदवी प्रमाणपत्र टांगायला भिंतीवर जागाच सापडत नाही आणि अखेर ते पलंगाखाली सरकवावे लागते, तेव्हा त्या नात्याविषयी कळायचे ते कळून चुकते. अडलात तरी लगेच यूट्यूबवर उत्तर पाहू नका, कारण गोष्ट त्या शोधाशोधीतच दडलेली असते. ‘लिंबो’ (2010) हा एका लहान मुलाच्या अंधाऱ्या प्रवासाचा गेम मात्र नंतर घ्या. त्यातला आठ पायांचा महाकाय कोळी त्या मुलाला फारच निर्दयपणे मारतो. हा गेम खेळताना हेडफोन हवेतच; संगीत नाममात्र असले तरी आजूबाजूचे आवाज महत्त्वाचे असतात.