शोरूम सजवायचं की इलेक्ट्रिककडे वळायचं? आधी सीसी खातं उघडून बघा

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी 2008 पासून माझं दुचाकीचं शोरूम आहे. एका मोठ्या कंपनीची मुख्य डीलरशिप, जागा स्वतःची, वय 47. 2018-19 मध्ये महिन्याला 120 गाड्या जायच्या, आता सरासरी 58. तीन सब-डीलरपैकी दोघांनी दुकान बंद केलं. नऊ महिन्यांत शोरूम नव्या डिझाइनप्रमाणे करा, असं कंपनीचं पत्र आलंय. खर्च 55 लाख. दुसरीकडे एका इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीचा माणूस मागे लागलाय : 8 लाख डिपॉझिट, एकूण 30 लाख, महिन्याला 50 गाड्या नक्की म्हणतो. यंदा दिवाळीच्या महिन्यात 140 गाड्या गेल्या, म्हणजे बाजार फिरतोय. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर बँकेकडून मिळणारी उचल) लिमिट दीड कोटीचं आहे, 1 कोटी 40 लाख वापरात असतात. अकाउंटंट स्टॉक स्टेटमेंट लिमिटला जुळवून देतो, त्यामुळे बँकेचा त्रास नाही. तारण घर आणि शोरूम, जामीन पत्नी आणि आई (71). 2021 मध्ये 32 लाखांचा प्लॉट घेतला, दुप्पट होईल अशी आशा आहे. 2023 च्या मार्चमध्ये लिमिट रिन्यू करताना बँकेतून 3 लाख हप्त्याची पॉलिसी घेतली, तिच्यातून पुढे कर्ज फेडायचा विचार आहे. घरखर्च 1 लाख 10 हजार. मुलगी बारावीत, मुलगा नववीत. नूतनीकरणासाठी कर्ज काढू की इलेक्ट्रिक घेऊ?

उत्तर : सध्या दोन्ही नको. कारण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात आहे : ‘अकाउंटंट स्टॉक स्टेटमेंट लिमिटला जुळवून देतो.’ तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच आहे, आणि ते तुम्ही सोय म्हणून लिहिलंय. हे स्टेटमेंट म्हणजे दुकानात किती माल आहे ते बँकेला कळवणारं पत्रक.

सोबत पाठवलेल्या आकड्यांवरून हिशेब मांडू. शोरूमात 72 गाड्या, सरासरी 80 हजार धरून 58 लाख. स्पेअर आणि ॲक्सेसरीज 14 लाख. फायनान्स कंपन्या आणि सब-डीलरकडून येणं 12 लाख, पण त्यातले 4 लाख दुकान बंद केलेल्या माणसाकडे आहेत, ते विसरा. एकूण माल आणि येणं 80 लाख. बँक 25 टक्के मार्जिन कापते, म्हणजे खरी ड्रॉइंग पॉवर, मालाच्या जोरावर उचलता येणारी रक्कम, 60 लाखांची. उचललेत 1 कोटी 40 लाख. मार्जिन बाजूला ठेवलं, तरी 60 लाखांचा मालच जागेवर नाही.

तो गेला कुठे, हेही तुमच्याच कागदांत आहे. 32 लाखांचा प्लॉट सीसीतून. 8 लाख चारचाकीचे. उरलेले 20 लाख गेल्या अडीच वर्षांत घरखर्च आणि पॉलिसीच्या हप्त्यांत जिरले. सीसी खातं माल उचलायला असतं. तुमच्याकडे ते घराचं पाकीट झालंय. आणि पाकिटावर साडेदहा टक्के व्याज चाललंय.

हे बाहेर कसं येतं तेही ऐका. बँक स्टॉक ऑडिटर पाठवते. तो तुमचं स्टेटमेंट बघत बसत नाही, गोडाऊनमध्ये उभा राहून चॅसिस नंबर मोजतो. दुचाकीच्या धंद्यात लपवायला जागाच नाही, प्रत्येक गाडीला नंबर आहे आणि विकलेली गाडी ‘वाहन’ पोर्टलवर दिसते. मग ड्रॉइंग पॉवर खाली येते, खातं मर्यादेबाहेर जातं आणि सलग 90 दिवस तसंच राहिलं की एनपीए, म्हणजे थकीत खातं. खोटं स्टेटमेंट दिल्याचं सिद्ध झालं तर प्रकरण वसुलीवर थांबत नाही, फसवणुकीच्या तक्रारीपर्यंत जातं. सही अकाउंटंटची नाही, तुमची आहे. आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे 71 वर्षांच्या आईच्या नावावर जे काही आहे तेही यात आलं.

आता धंदा स्वतः किती कमावतो ते बघू, कारण तुम्ही वर्षअखेरीला सीएच्या ताळेबंदातला नफा बघून समाधान मानताय. 58 गाड्या, सरासरी एक्स-शोरूम 85 हजार, मार्जिन चार टक्के म्हणजे गाडीमागे 3,400. त्यातले 1,100 हेल्मेट, सीट कव्हर आणि ‘शेजारचा डीलर एवढे सोडतो’ यात जातात. उरले 2,300. फायनान्सचा पेआउट, विम्याचं कमिशन, ॲक्सेसरीज मिळून आणखी 1,800. म्हणजे गाडीमागे 4,100, महिन्याला 2 लाख 38 हजार. वर्कशॉपची 650 जॉब कार्ड (सर्व्हिसिंग-दुरुस्तीला आलेल्या गाड्या), लेबर आणि स्पेअर मिळून सरासरी 350 च्या आसपास सुटतात : साधारण 2 लाख 25 हजार. एकूण 4 लाख 63 हजार. पगार 2 लाख 30 हजार, वीज-फोन-वाहतूक-जाहिरात 45 हजार, सीसीचं व्याज 1 लाख 22 हजार. हातात 66 हजार. जागा भाड्यानं दिली असती तर 40 हजार आलेच असते. तेव्हा रोज दहा तास काउंटरला बसून तुमची कमाई 26 हजार आहे. तुमचा हेड मेकॅनिक कदाचित जास्त घेऊन जात असेल.

घराला लागतात 1 लाख 10 हजार, पॉलिसीला महिन्याचे 25 हजार. तूट दरमहा 69 हजार, वर्षाला सव्वाआठ लाख. ती सीसीत साचतेय.

पॉलिसीबद्दल फार बोलायचं नाही, नाहीतर संतापच होतो. दहा वर्षं 3 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 68 लाख मिळायचे. हा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. हप्ता भरताय साडेदहाच्या सीसीतून. साडेदहानं उचलून साडेपाचनं गुंतवायचं आणि त्यातून कर्ज फिटेल म्हणायचं, हा सल्ला देणाऱ्याला कमिशन मिळालं, तुम्हाला नाही. लिमिट रिन्यू करायला पॉलिसी घ्यावी लागते असं कोणी सांगितलं असेल, तर ते तेव्हाही खोटं होतं. मार्चचा चौथा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आता सोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता मुदतीला मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागवा. चौथं वर्ष लागल्यावर सोडली तर भरलेल्या 9 लाखांपैकी साधारण निम्मे, साडेचार लाख हाती यावेत. साडेचार गेले म्हणून हळहळू नका. आणखी सात हप्ते भरून ते परत येत नाहीत.

आणि एवढं करून कवच किती? 30 लाख. कर्ज 1 कोटी 40 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बँक घरावर येईल. दीड कोटीचा साधा टर्म विमा, 62 वर्षांपर्यंत, तोही ‘मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट’खाली पत्नी आणि मुलांच्या नावे घ्या. धंद्यात कर्ज असलेल्या माणसासाठी हे कलम सोन्यासारखं आहे : विम्याचे पैसे तुम्हाला कर्ज देणाऱ्यांच्या हाती लागत नाहीत (पत्नी स्वतः जामीन आहे, तेव्हा तिच्या हिश्श्याचं मात्र वकिलाला विचारून घ्या). पण ते अर्ज भरतानाच निवडावं लागतं, नंतर जोडता येत नाही. या वयात हप्ता वर्षाला चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाईल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. सोबत कुटुंबाचा 10 लाखांचा आरोग्य विमा. पॉलिसीचा हप्ता थांबला की दोन्हींचे पैसे सहज निघतात.

आता दुरुस्ती. पहिल्यांदा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून खरी मोजणी करा : चॅसिस नंबरनुसार गाड्या, स्पेअर खरेदी किमतीला, दोन वर्षांत न हललेला माल शून्यात. पुढचं स्टॉक स्टेटमेंट त्याच आकड्याचं जाईल. त्याआधी सीएला घेऊन मॅनेजरला भेटा आणि खड्ड्याचा भाग वर्किंग कॅपिटल टर्म लोनमध्ये, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी फेडायच्या कर्जात, वळवून मागा. खातं सुरळीत असताना मागितलं तर बँक ऐकते, ऑडिटर येऊन गेल्यावर तेच मागणं नाक घासून मागावं लागतं. जाताना एक तारीख सांगा, प्लॉट कधी विकणार त्याची.

हो, प्लॉट विकायचाच. दुप्पट होईल हे तुम्हाला विकणाऱ्यानंच सांगितलं असेल. तुमच्या एजंटच्या अंदाजानं 40 लाख येतात. नुसत्या साडेदहाच्या सरळ व्याजानं 32 लाखांचे आजवर 45 च्या पुढे गेलेत, म्हणजे ‘वाढलेल्या’ प्लॉटवर तुम्ही तोट्यात आहात. करही किरकोळ आहे. जमीन 23 जुलै 2024 पूर्वीची, त्यामुळे इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) 20 टक्क्यांचा पर्याय तुम्हाला आहे. 2021-22 चा निर्देशांक 317, 2025-26 चा 376. खरेदी किंमत 38 लाखांच्या जवळ जाते, नफा दोन लाख, कर चाळीस हजारांच्या आसपास. इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्क्यांनी लाख रुपये जातील.

प्लॉट आणि पॉलिसीचे मिळून 44 लाख सीसीत भरा. उरले 96. त्यातले 60 सीसीत राहतील, 36 लाखांचं सात वर्षांचं टर्म लोन. त्याचा हप्ता साडेदहानं सुमारे 61 हजार, सीसीचं व्याज 52 हजार. बेरीज 1 लाख 13 हजार, म्हणजे आज नुसतं व्याज भरता त्याहून कमी, आणि मुद्दल उतरायला लागतं. पगार-खर्च-हप्ते वजा जाऊन 75 हजार उरतात, तोच तुमचा पगार : एक तारखेला वेगळ्या बचत खात्यात, त्यापलीकडे सीसीला हात नाही. घर 75 हजारांत बसत नसेल तर चारचाकी विका. मुलीची इंजिनीअरिंगची फी सीसीतून भरू नका, शैक्षणिक कर्ज काढा.

साठाही उतरवा. 58 च्या विक्रीला 72 गाड्या म्हणजे 37 दिवसांचा माल. डीलरांची संघटना फाडा 21 दिवसांवर साठा नको असं कंपन्यांना वर्षानुवर्षं सांगतेय. त्या हिशेबानं 41 गाड्या पुरतात. तीस गाड्या कमी म्हणजे 24 लाख मोकळे, महिन्याचे 21 हजार व्याज वाचलं. महिनाअखेरीला एरिया मॅनेजर टार्गेटसाठी ट्रक पाठवतो म्हणेल. ऑर्डर फक्त ईमेलवर द्या, न मागितलेल्या गाड्यांचा नकारही ईमेलवरच. इन्सेंटिव्हचे 20-25 हजार हुकले तर हुकू देत.

बाजाराबद्दल एवढंच. देशात 2018-19 मध्ये 2 कोटी 12 लाख दुचाकी विकल्या, 2024-25 मध्ये 1 कोटी 96 लाख. मोटरसायकली 1 कोटी 36 लाखांवरून 1 कोटी 23 लाखांवर आल्या, स्कूटर मात्र 67 लाखांवरून साडेअडुसष्ट लाखांवर गेल्या. मोटरसायकल दहा टक्के घसरली, तुम्ही पन्नास. फरक तुमच्या गावातला आहे. तुमचा मुख्य माल 100-110 सीसी इंजिनाच्या गाड्यांचा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (सप्टेंबर 2018), सीबीएस-एबीएस ब्रेकची सक्ती (एप्रिल 2019) आणि बीएस-6 चे प्रदूषण नियम (एप्रिल 2020) यांनी लागोपाठ किंमत चढवली आणि पहिली गाडी घेणारा शेतमजूर जुन्या गाडीकडे गेला. ज्याच्याकडे पैसा आहे तो 125 किंवा स्कूटर मागतो, आणि मोबाइलवर तीन डीलरांचे कोटेशन घेऊनच दारात येतो. त्यात शेजारच्या गावी त्याच कंपनीनं दुसरा डीलर नेमला. दिवाळीच्या 140 गाड्यांना भुलू नका : 22 सप्टेंबर 2025 ला 350 सीसीपर्यंत जीएसटी 28 चा 18 झाला, गाड्या साडेसात-आठ टक्क्यांनी उतरल्या आणि ऑगस्टपासून थांबलेलं गिऱ्हाईक एकदम आलं. ते वर्षभर रोज येणार नाही.

आता 55 लाखांचं नूतनीकरण. सात वर्षांचा हप्ता 93 हजार. गाडीमागे 4,100 सुटतात, म्हणजे फक्त हप्त्यासाठी महिन्याला 23 गाड्या जास्त विकायच्या. नव्या टाइल्स आणि एसीपी शीट लावून 58 च्या 81 होतात असं कंपनीनं लेखी दिलं तर मला कळवा. ॲग्रीमेंटमध्ये बघा, किती वर्षं उरलीत आणि कंपनी किती दिवसांच्या नोटिशीवर ते संपवू शकते. बहुतेक 30 ते 90 दिवस असतील. डीलरला संरक्षण देणारा फ्रँचायझी कायदा आपल्याकडे नाही, फाडा तो मागतेच आहे. सप्टेंबर 2020 मध्ये हार्ले-डेव्हिडसननं इथलं उत्पादन थांबवलं तेव्हा शोरूमवर कोट्यवधी घातलेले तीसेक डीलर हवालदिल झाले. पुढे हीरो मोटोकॉर्पशी करार झाला, पण तो कंपनीनं आपल्यासाठी केला होता. कंपनीला लेखी उत्तर द्या : लहान आकाराचं शोरूम चालेल का, काम स्थानिक ठेकेदाराकडून करता येईल का, डीलरशिप गेल्यास स्पेअर आणि टूल्स परत घेणार का. 12-15 लाखांत दर्शनी भाग आणि पाटी होत असेल तर वर्षभरानं बोलू.

इलेक्ट्रिकच्या 50 गाड्यांचा आकडा त्या माणसाच्या टार्गेटचा आहे. जून 2023 मध्ये केंद्राचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेनुसार 15 हजार प्रति किलोवॅट-तासावरून 10 हजारांवर आलं, एप्रिल 2024 च्या योजनेत 5 हजारांवर, पुढच्या वर्षी अडीच हजारांवर. प्रत्येक कपातीला किंमत बदलते आणि जुना माल डीलरच्या गळ्यात येतो. त्याहून मोठी गोष्ट : तुमचं शोरूम आज वर्कशॉपच्या कमाईवर जगतंय. इलेक्ट्रिकमध्ये ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही, क्लच प्लेट नाही. कंट्रोलर आणि बॅटरी बिघडली तर वॉरंटीत कंपनी बघते. उरतात ब्रेक शू आणि टायर.

तुम्ही 17 वर्षांत पंधरा हजारांवर गाड्या या तालुक्यात उतरवल्यात. निम्म्या जरी चालत असल्या आणि वर्षाला दोनदा आल्या, तरी महिन्याची 1,200 जॉब कार्ड होतात; तुम्ही 650 करता. बाकीचे गाडी चौकातल्या गॅरेजला का देतात ते विचारा. उत्तर बहुधा दोनच मिळतील : सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळत नाही, आणि बिलात न सांगितलेलं काम असतं. ठरावीक दराचं सर्व्हिस पॅकेज फळ्यावर लिहा, फ्री सर्व्हिसिंग संपलेल्यांची यादी काढून रोज पंधरा फोन लावा, बाजाराच्या दिवशी वर्कशॉप सकाळी आठला उघडा. 150 जॉब कार्ड वाढली तर महिन्याला 52 हजार जास्त, आणि त्याला एक मेकॅनिक आणि एक रॅम्प लागतो, 55 लाख नाहीत.