गोळ्या सुरू झाल्या आणि नवऱ्याचा त्रास वाढला, बंद करू का?

एचआयव्हीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांच्या बायका, नवरे, कधी आयासुद्धा हा प्रश्न मला सारखा विचारतात. आधी माणूस कामावर जात होता, आणि गोळी सुरू झाल्यावर मळमळ, डोकेदुखी, झोप उडाली, मग राग गोळीवर निघणारच ना. कोल्हापुरातल्याच एका जोडप्याचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, ती निगेटिव्ह. पहिल्यांदा ती एकटीच आली. "मॅडम, गोळ्यांनीच माझा माणूस खचलाय, बंद करूया काय?" हातात पोरीची जुनी चौकटीची वही, त्यात तारीख, उलटी किती वाजता, चपात्या किती, झोप किती, सगळं लिहिलेलं. शिवाय ताकदीसाठी रोज मटणाचा रस्सा, मेडिकलमधनं आणलेलं कॅल्शियम आणि पित्तावर पातळ औषध, तेही गोळीच्या सोबतच.

बंद करायचं नाही, आधी डॉक्टरांना सगळं सांगायचं, एवढंच मी म्हटलं. तिथं दोन गोष्टी कळल्या. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्रावीर अशी तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी मिळते, आणि त्यातल्या डोल्युटेग्रावीरनं काहींची झोप उडते. जुन्या इफाविरेन्झच्या गोळीनं चक्कर यायची म्हणून ती झोपताना घ्यायचे, तेच कुणीतरी ह्याला सांगितलेलं. डॉक्टरांनी वेळ सकाळची केली. दुसरं, पित्ताचं पातळ औषध गोळीसोबत घेतलं की डोल्युटेग्रावीर अंगाला नीट लागत नाही, ते गोळीनंतर निदान २ तासांनी घ्यायचं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळीही रिकाम्या पोटी सोबत नको, जेवणासोबत घेतलं तर चालतं.

पण मला जास्त खटकत होती ती वही. मी दोघांना एकत्र बोलावलं आणि तिला वाचायला सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. "मंगळवार, रात्री चांगले झोपले," असं तिनं वाचलं तसा तो म्हणाला, "झोपलो न्हवतो. तू बघत बसतीस म्हणून डोळं मिटून पडलोवतो."

ती गप्पच झाली. मग त्यानं वही ओढून घेतली, चार पानं उलटली, "ह्यात तुझं कुठं काय लिवलंयस?"

"माझं काय लिवायचं?"

"जेवलीस काय, झोपलीस काय."

तिथं तिचा बांध फुटला. तुम्हाला काय झालं तर मी पोरीला घेऊन कुठं जाऊ, हे ती त्याला पहिल्यांदाच बोलली. मी मधे पडले नाही, पडायचं नसतं. माझं वर्षानुवर्षांचं मत आहे, आजार एकाच्या अंगात असतो पण त्रास दोघांच्या मधे येऊन बसतो, आणि तो दोघांना समोरासमोर बसवल्याशिवाय हलत नाही. पहारा ठेवला की माणूस त्रास लपवतो, मग डॉक्टरांकडे माहितीही खोटी जाते. त्या दिवसापासून वही त्याच्याकडं आली, आणि तिनं संध्याकाळच्या चहाला एकदाच विचारायचं ठरलं.

मळमळ, डोकेदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. पण अंगावर पुरळ आणि सोबत ताप, डोळे पिवळे, लघवी कमी, उलट्या थांबेनात, धाप लागते, मन फार खचलंय, जीव द्यावासा वाटतोय, असं काही असेल तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, खोकला किंवा मानेत गाठी आल्या तरी दाखवा, प्रतिकारशक्ती सुधारताना आत दबलेला टीबी वर येऊ शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, व्हायरस पुन्हा वाढतो आणि पुढे तेच औषध लागू पडेनासं होऊ शकतं. त्रास खरंच सोसवत नसेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात, औषध सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात, फुकट आहे आणि एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ वर, फोन करूनही विचारता येतं.

सहा महिन्यांनी त्याच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याच्या, रिपोर्टमध्ये व्हायरस सापडलाच नाही. तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आता जवळ आलं तर चालतंय काय मॅडम?" चालतंय. गोळ्या रोज चालू आणि व्हायरस सापडत नाही असं टिकून राहिलं तर संबंधातून एचआयव्ही लागत नाही. पुढच्या टेस्टमध्येही तसाच रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा म्हटलं, आणि तिच्या स्वतःच्या टेस्टची तारीख तिच्याच हातानं लिहून घेतली.