रोगाची साथ समजून घ्यायचीय? आधी कादंबरी उघड

नवीन वाचक आहेस, तर कन्नड लेखक यू. आर. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’पासून (१९६५) सुरुवात कर. बेळगावात वाढलायस, कन्नड येत असेल तर मूळच वाच. सीमावाद पुस्तकांच्या कपाटात नको. कादंबरीतल्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, प्लेगनं उंदीर पटापट मरताहेत, गिधाडं छपरांवर उतरलीत आणि ब्राह्मणमंडळी आचारधर्म मोडणाऱ्या नारणप्पाच्या प्रेताला अग्नी कुणी द्यायचा यावर खल करत बसलीत. शेवटी त्याची सोबतीण चंद्री एका मुसलमान मासेवाल्याच्या मदतीनं रातोरात दहन उरकते. इथं २०२० आठवेलच.

मग १८९७ चा साथरोग कायदा बघ. इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला, कोरोनातही तोच बाहेर काढला. कादंबरीत लगेच आजचे पुढारी मात्र शोधू नकोस. आधी कोण पळतं, कोण गप्प बसतं, ते समासात टिपत जा. (पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलीनं!)